अनोळखी माणसाचं उत्तर कशावर तोलायचं?

शिरपूरच्या वसतिगृहात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी रात्री उशिरा लॅपटॉपसमोर अडकून बसली आहे, असं समजा. सकाळी प्रोजेक्ट दाखवायचा आहे आणि प्रोग्राम एकाच ओळीवर येऊन थांबतोय. ती पडद्यावरची एरर जशीच्या तशी उचलून इंटरनेटवर शोधते. हाच प्रश्न कुणीतरी आधीच विचारलेला असतो आणि खाली उत्तरही असतं. उत्तर देणाऱ्याचं नाव म्हणजे दोन अक्षरं आणि चार आकडे, फोटोच्या जागी मांजर. त्याचा देश, वय, शिक्षण यांतलं काहीच कळायला मार्ग नाही. ती त्याच्या चार ओळी आपल्या प्रोग्राममध्ये टाकते. प्रोग्राम चालतो.

आता रावेर तालुक्यातला एक केळी उत्पादक डोळ्यांसमोर आणा. बागेतल्या पानावर पिवळे पट्टे दिसले म्हणून तो फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतो. थोड्याच वेळात तीन औषधांची नावं येतात. सांगणारे तिघेही ओळखीचे, त्यातला एक तर नात्यातला. सकाळी तो त्यातलं एक औषध आणून फवारतो. पट्टे वाढतच जातात.

ओळखीच्यांचा सल्ला वाया गेला आणि मांजरवाल्या परक्याचा कामी आला. गावात आपण उलट शिकलेलो असतो: माणूस कोण, कुणाचा, कुठला, हे आधी पाहायचं आणि मग त्याचं ऐकायचं. तांत्रिक मदतीच्या बाबतीत हा हिशेब का उलटतो आणि कुठे उलटत नाही, हे जळगाव-धुळ्याच्या वाचकाला माहीत असायला हवं. कारण आपल्याकडे आता एकाच घरात कोड लिहिणारी मुलगी असते आणि केळी लावणारा बापही.

कस सोन्याचा लागतो

जळगावच्या सराफ बाजारात सोन्याची शुद्धता कशी पाहतात, ते आठवा. सराफ दागिना काळ्या कसोटीवर घासतो. दगडावर रेघ उमटते. शुद्धता माहीत असलेल्या सोन्याची रेघ तो शेजारी ओढतो, दोन्हींवर आम्ल लावतो आणि कोणती रेघ किती टिकते ते बघतो. दागिना आणणारा धरणगावचा आहे की धडगावचा, याचा त्या रेघेवर काही परिणाम होत नाही. शुद्धता दगड सांगतो.

प्रोग्रामच्या चार ओळींचं तसंच आहे. त्या चालवून बघता येतात, आणि तेही तीन सोयींसह. एक, निकाल लगेच लागतो. दोन, करून बघायला जवळजवळ काही खर्च येत नाही. तीन, चुकलं तर परत पहिल्या जागी जाता येतं: चार ओळी पुसल्या की झालं. या तिन्ही गोष्टी हाताशी असतील तिथे सांगणाऱ्याचं नाव फार कामाचं उरत नाही. मुलीनं मांजरवाल्यावर विश्वास टाकला असं आपण म्हणतो, पण खरं तर तिनं आपल्या लॅपटॉपवर झालेल्या चाचणीवर विश्वास टाकला.

या तीन सोयी नसतील तिथे मात्र नाव, पदवी, परवाना, पत्ता यांची गरज लागते. दागिना विकत घेणारं सामान्य गिऱ्हाईक घरी कसोटी ठेवत नाही. म्हणून तर हॉलमार्क आला. 2021 पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असतो आणि तो मोबाइलवर तपासता येतो. जिथे स्वतः पारखता येत नाही, तिथे कुणीतरी पारखून मारलेला आणि त्याची जबाबदारी घेणारा शिक्का लागतो.

टोपणनावालाही पत असते

निनावी असणं आणि टोपणनावानं वावरणं यात मोठं अंतर आहे, आणि बहुतेक गोंधळ या दोन्हींना एकच समजल्यामुळे होतो. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली. पुढे वाचकांनी ठोंबऱ्यांची चौकशी न करता बालकवींच्या नव्या कवितेची वाट पाहिली. कारण त्या नावामागे आधीच्या कवितांची साठवण होती. निनावी पत्राला अशी साठवण नसते. ते आज येतं, उद्या लिहिणारा नव्या अक्षरात दुसरं पत्र लिहू शकतो, आणि पहिल्याचा दोष दुसऱ्याला चिकटत नाही.

तांत्रिक प्रश्नोत्तरांच्या मोठ्या मंचांनी नेमकी ही साठवण मोजायची सोय केली. 2008 साली जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी सुरू केलेलं ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ हे त्यातलं सर्वांत माहितीचं. तिथे खरं नाव कुणी विचारत नाही. पण तुमचं उत्तर एखाद्याला पटलं तर तुमच्या खात्यात 10 गुण पडतात. प्रश्न विचारणाऱ्यानं ‘हेच उत्तर लागू पडलं’ अशी खूण केली तर 15. उत्तर चुकीचं आहे असं कुणी मत दिलं तर 2 गुण जातात, आणि असं विरोधी मत देणाऱ्याचाही 1 गुण कापला जातो.

हा शेवटचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. चूक दाखवायला थोडी पदरमोड करावी लागली, की माणूस उगाच कुणाला पाडायला जात नाही. त्यातून जी विरोधी मतं उरतात, त्यांना वजन येतं.

अधिकारही गुणांप्रमाणे हळूहळू मिळतात. 15 गुण झाले की दुसऱ्याच्या उत्तराला पसंती देता येते, 50 झाले की कुठेही शेरा लिहिता येतो, 125 झाले की विरोधी मत देता येतं आणि 2000 झाले की दुसऱ्याचं लिखाण थेट दुरुस्त करता येतं. म्हणजे आज आलेला परका प्रश्न विचारू शकतो, उत्तर देऊ शकतो. पण इतरांच्या कामावर हात चालवायचा तर त्यानं आधी काम करून दाखवायला हवं. मिळवलेली पत त्या टोपणनावाला चिकटलेली असते. ते नाव टाकून दिलं तर वर्षानुवर्षांची मेहनत जाते. गावात अब्रू जाण्याची भीती माणसाला सांभाळते, इथे तेच काम हे खातं करतं.

नाव झाकलं की प्रश्न मोकळा होतो

नाव न सांगण्याचा सर्वांत मोठा फायदा विचारणाऱ्याला होतो. धुळे किंवा चोपड्याच्या मराठी शाळेत शिकून कॉलेजात आलेल्या मुलाला वर्गात हात वर करून ‘हे मला मुळातच कळलं नाही’ म्हणणं किती जड जातं, हे शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. इंग्रजी अडखळतं, घरी अहिराणी बोलतात, शेजारचा हसेल ही धास्ती. टोपणनावाआडून तोच मुलगा तोच प्रश्न बिनदिक्कत विचारतो. आणि त्याचा प्रश्न तिथे राहिल्यामुळे नंतर येणाऱ्या कित्येकांना विचारण्याची लाज सोसावी लागत नाही.

उत्तर देणाऱ्यांच्या बाजूनंही हे दिसलं आहे. गिटहब या कोडच्या भांडारात लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्यांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांनी पाठवलेल्या दुरुस्त्यांपैकी 78.6 टक्के स्वीकारल्या गेल्या, पुरुषांच्या 74.6 टक्के. पण त्या प्रकल्पात नव्यानं आलेल्या व्यक्तीच्या खात्यावरून ती स्त्री आहे हे ओळखू येत असेल, तेव्हा स्त्रियांच्या दुरुस्त्या स्वीकारल्या जाण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा खाली गेलं. शिरपूरच्या त्या मुलीनं उद्या स्वतः उत्तरं द्यायला सुरुवात केली आणि नाव झाकून ठेवलं, तर त्यात लपवाछपवी कसली? आपल्या कामाकडे काम म्हणून बघावं, एवढीच तिची मागणी आहे.

केळीच्या पानावर चाचणी का फसते

आता रावेरच्या बागेत येऊ. ते पिवळे पट्टे ‘हरण्या’चे असतील तर? शास्त्रीय भाषेत हा कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे काकडीवर्गीय पिकांवरून ओळखला गेलेला विषाणू. 2020 च्या पावसाळ्यात रावेर, यावल भागातल्या बागांना त्यानं मोठा तडाखा दिला. पानावर शिरांना धरून पिवळे पट्टे पडतात, झाड खुरटतं, पोंगा कुजतो.

विषाणू झाडात शिरल्यावर त्याला मारणारं औषध नाही. दुकानात मिळतं ते मावा मारण्याचं, कारण विषाणू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर मावा नेतो. आणि हा मावा म्हणजे मुख्यतः कपाशीवर आणि काकडी-भोपळ्यावर असतो तोच. आपल्याकडे केळीच्या बांधाला कपाशी असतेच. मावा रोगट पानातून रस ओढताना काही सेकंदांत विषाणू उचलतो आणि दुसऱ्या पानाला सोंड लावल्यावर तितक्याच थोड्या वेळात तो सोडतो. औषधानं मावा मरायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे फवारणीनं माव्यांची संख्या घटते, पण बाहेरून उडत आलेला एक मावा मरण्याआधी आपलं काम करून गेलेला असतो. म्हणून शास्त्रज्ञ सांगतात ते कंटाळवाणं वाटलं तरी तेच खरं: रोगट झाड दिसताच मुळासकट काढून नष्ट करा, बांधावरचं तण काढा, बागेत काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची लावू नका आणि लहान रोपं मावा लागण्याच्या काळात सांभाळा.

इथे त्या तीन सोयी एकेक करून सुटतात. निकाल लगेच लागत नाही. औषध, मजूर, पंप यांचा खर्च होतो. आणि फवारलेलं परत डब्यात भरता येत नाही. शिवाय एक चौथी अडचण आहे. ती जास्त फसवी आहे. हरण्याची लक्षणं थंड, ढगाळ हवेत ठळक दिसतात आणि ऊन वाढलं की नव्या पानांवर पुसट होतात. शेतकऱ्यानं ढगाळ आठवड्यात काहीतरी फवारलं, मग आभाळ मोकळं झालं आणि नवं पान बरं दिसलं, की श्रेय त्या औषधाला जातं. तो ग्रुपवर लिहितो, ‘आपल्याला फरक पडला.’ तो खोटं बोलत नसतो. त्याच्या शेतात चाचणी झालीच नाही, एवढंच. कारण न फवारलेली एक ओळ त्यानं तुलनेला ठेवली नव्हती.

म्हणून ओळखीच्या, प्रामाणिक, नात्यातल्या माणसाचा सल्लाही इथे कमी पडतो. त्याचं मन साफ असतं, पण पारख त्याच्याजवळही नसते. पारख लागते ती जळगावच्या केळी संशोधन केंद्राची, पाल किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्राची, धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाची. कारण तिथे तुलनेची ओळ ठेवतात, एकाहून जास्त हंगाम बघतात आणि सांगितलेल्या शिफारशीला संस्थेचं नाव लावतात.

सल्ला चुकला तर नुकसान पिकापुरतंच राहील असंही नाही. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. एकात दोन-तीन औषधं मिसळून मारण्याची पद्धत तेव्हा चर्चेत आली. असं मिश्रण सुचवणारा बहुतेक वेळा कुठे लिहून देत नाही, त्यामुळे नंतर त्याला विचारताही येत नाही.

चौकट: औषधाचा सल्ला आला तर आधी हे पाहा

डब्यावरच्या चौकोनात खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. सोबतच्या माहितीपत्रकात ते औषध कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत मंजूर आहे आणि काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, हे लिहिलेलं असतं. ग्रुपवर सांगितलेलं पीक त्या पत्रकात नसेल तर तो सल्ला बाजूला ठेवा. किसान कॉल सेंटर 1800-180-1551 या फुकट नंबरवर सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत मराठीतून बोलता येतं. तिथे फोनवर कोण बोलतं ते आपल्याला ठाऊक नसतं, पण त्यामागे जबाबदार यंत्रणा असते.

लेखक हरवलेला निरोप

मग व्हॉट्सॲपचा ग्रुप आणि प्रश्नोत्तरांचा मंच यांत फरक कुठे पडतो? मंचावर उत्तर एका जागी राहतं. चूक असेल तर त्याच्याखालीच कुणी तसं लिहितं आणि पुढच्या वर्षी येणाऱ्याला दोन्ही एकत्र दिसतं. ग्रुपवर निरोप वर सरकत जातो. दुरुस्ती आली तरी ती पन्नास ‘शुभ सकाळ’च्या खाली असते. आणि निरोप पुढे पाठवला की मूळ लिहिणारा गळून पडतो. ज्यानं पाठवला त्याचंच नाव दिसतं, त्यामुळे निनावी मजकुराला ओळखीच्या माणसाचा चेहरा मिळतो. मला वाटतं, ग्रुपवरचा सगळ्यात मोठा धोका हाच: तिथे अनोळखी माणूस ओळखीच्या माणसाच्या तोंडून बोलतो.

याची किंमत धुळे जिल्ह्यानं पाहिली आहे. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं मुलं पळवणारी टोळी समजून ठार मारलं. त्यातले बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातले होते. मुलं पळवणाऱ्यांबद्दलचे निरोप त्याआधी मोबाइलवरून फिरत होते. ते मुळात कुणी लिहिले, हे वाचणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरीही ते प्रत्येकाला आपल्याच माणसाकडून आले होते.

त्यानंतर सरकारनं व्हॉट्सॲप कंपनीला जाब विचारला. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपनं पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. खूण लहान आहे, पण ती नेमकी गोष्ट सांगते: समोरच्यानं हे लिहिलेलं नाही. औषधाचा सल्ला अशा खुणेसह आला तर पाठवणाऱ्या नातेवाइकाची भलाई त्या सल्ल्याला लावू नका.

साठवलेली पतही पोखरता येते

टोपणनावामागची वर्षानुवर्षांची साठवण खरी असते, असं मी वर म्हटलं. ती मुद्दाम, संयमानं, फसवण्यासाठीही उभारता येते, हे 2024 मध्ये जगासमोर आलं.

एक्सझेड नावाची फायली दाबून लहान करणारी एक मोफत सोय आहे. जगभरच्या असंख्य सर्व्हरमध्ये ती असते. ती सांभाळण्याचं काम लासे कॉलिन हा एकच माणूस बिनपगारी करत होता. 2021 पासून ‘जिया टॅन’ या नावाचं कुणीतरी त्याला दुरुस्त्या पाठवू लागलं. दुरुस्त्या चांगल्या होत्या. पुढच्या वर्षी आणखी काही नवी नावं उगवली आणि काम फार संथ चाललंय, दुसऱ्या कुणाला तरी सोबत घ्या, असा तगादा कॉलिनमागे लावू लागली. कॉलिननं आपल्या मानसिक आरोग्याच्या तक्रारींबद्दल तेव्हा उघडपणे लिहिलं होतं. शेवटी जिया टॅनला अधिकार मिळाले. फेब्रुवारी आणि मार्च 2024 च्या आवृत्त्यांत त्यानं एक चोरदरवाजा घातला: मालकाला नकळत सर्व्हरमध्ये शिरता येईल असा.

एकाच माणसानं अनेक खोटी खाती काढून गर्दीचा आभास करणं याला संगणकशास्त्रात 2002 पासून ‘सिबिल हल्ला’ म्हणतात. चार जण एकच गोष्ट सांगतात म्हणजे ती खरी, या आपल्या सवयीवरच तो बेतलेला असतो.

एक्सझेडमधला चोरदरवाजा पकडला कसा? अँड्रेस फ्रॉइंड हा इंजिनिअर वेगळंच काही तपासत होता. सर्व्हरमध्ये लॉग-इन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याच्या नजरेला खटकलं. तो मागोवा घेत गेला आणि 29 मार्च 2024 रोजी त्यानं सगळं उघड लिहिलं: काय दिसलं, कुठे दिसलं, तुम्हीही कसं पाहू शकता. काही तासांत जगभरच्या तज्ज्ञांनी ते स्वतः करून पडताळलं. ‘मी मोठ्या कंपनीत आहे, माझं ऐका’ असं म्हणायची त्याला गरजच पडली नाही. जिया टॅन कोण, हे आजही कळलेलं नाही. इतकी वर्षं जमवलेल्या विश्वासानं दरवाजा उघडला, आणि कुणालाही करून बघता येईल अशा पुराव्यानं तो बंद केला.

दुसरी भेग अलीकडची आहे. पूर्वी नीट मांडलेलं, मुद्देसूद उत्तर लिहायला मेहनत लागायची, म्हणून मांडणी हीच थोडीफार खात्री होती. डिसेंबर 2022 मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोनं चॅटजीपीटीकडून लिहून आणलेल्या उत्तरांवर बंदी घातली. त्यांचं म्हणणं असं की ही उत्तरं दिसायला बरी असतात, पण त्यात चुकांचं प्रमाण फार आहे आणि ती ढिगानं येतात. तपासणारे थोडे आणि लिहिणारं यंत्र न थकणारं. आता सफाईदार मराठीत आलेला शेतीचा सल्लाही याच यादीत येतो. भाषा चांगली आहे यावरून मागे जाणकार माणूस आहे, असं धरता येत नाही.

तिसरी युक्ती मात्र जुनीच आहे. बँकेचा किंवा गॅस कंपनीचा मदत क्रमांक इंटरनेटवर शोधायचा, मिळालेल्या नंबरवर बोलायचं आणि तो ‘मदतनीस’ एक ॲप टाकायला लावून आपला मोबाइल स्वतःच्या पडद्यावर बघू लागतो. अशा ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेनं 2019 मध्येच इशारा दिला होता. खरा मदत करणारा चारचौघांत उत्तर देतो, कारण चारचौघांनी ते तपासावं असं त्याला वाटतं. फसवणारा तुम्हाला बाजूला घेतो: वेगळा नंबर, खासगी निरोप, घाई, ओटीपी. पैसे गेलेच तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवा. रक्कम पुढे वळण्याआधी खातं गोठवलं गेलं तरच ती परत मिळण्याची आशा असते.

ग्रुपवर काय करता येईल

केळी आणि कपाशीचे ग्रुप बंद करा, असं सांगणारा मी नाही. शेजारच्या शिवारात अळी आलीय हे ग्रुपइतक्या लवकर कोणतंही कार्यालय सांगू शकत नाही. बातमी द्यायला ग्रुप उत्तम, उपाय ठरवायला तोकडा. ही कामाची वाटणी स्वीकारली की बरंच सोपं होतं.

बाकी उणीव नोंदीची आहे, आणि ती भरता येते. फोटो टाकताना लागवडीची तारीख, टिश्यू कल्चर रोप की कंद, बांधाला काय पीक आहे आणि आधी काय फवारलंय, एवढं लिहावं. सल्ला देणाऱ्यानं तो कुठून घेतला ते सांगावं: स्वतःच्या शेतातून, माहितीपत्रकातून, की पुढे पाठवलेल्या निरोपातून. फवारणी केलीच तर दोन ओळी न फवारता सोडाव्यात आणि पंधरा दिवसांनी दोन्हींचे फोटो त्याच प्रश्नाला जोडून टाकावेत. फरक पडला नसेल तर तेही लिहावं. ते लिहिणाऱ्याला ग्रुपनं मान द्यावा, कारण चुकलेला उपाय सांगायला जास्त धीर लागतो. एखाद्या शिकणाऱ्या पोरानं दर महिन्याला या नोंदी एका वहीत किंवा साध्या फाइलमध्ये तारीखवार लावल्या, की वर सरकून हरवणारे निरोप एका जागी थांबतील. कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाला ती फाइल दाखवता येईल आणि त्याच्या शेऱ्यासह ती परत ग्रुपवर टाकता येईल. मृगबागेत ऑगस्टमध्ये हरण्या कोणकोणत्या शिवारांत, कोणत्या रोपांवर आणि कशाच्या शेजारी दिसला, हे मग कांदेबागेची रोपं मागवायच्या आधी सगळ्यांच्या हाताशी असेल.